कॅलगूर्ली चार दिवसांत: आधी पाणी, मग खाण

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑगस्टमध्ये पर्थला भावाकडे येणार, त्यातले चार दिवस कॅलगूर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावासाठी काढलेत. गाडी भाड्याची. सोबत सत्तरीतले आईवडील आणि दहा वर्षांचा मुलगा. काय बघावं, काय सोडावं? आणि एक खड्डा बघायला सहाशे किलोमीटर जाण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे, जरूर जा. फक्त पोचल्या पोचल्या खाणीच्या कठड्यावर धावू नका. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या या कोरड्या मुलखात सोनं सापडलं ते १८९३ च्या जूनमध्ये. पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे हे तिघे आयरिश लोक पुढच्या मुक्कामाला निघाले होते, वाटेत त्यांना जमिनीवरच सोन्याचे खडे दिसले. जवळपास नदी नाही, गोड्या पाण्याचं तळं नाही. वर्षाचा पाऊस सरासरी २६५ मिलिमीटरच्या आसपास, आणि जमिनीखालचं पाणी समुद्राहून खारट. अशा जागी दहा वर्षांत हजारोंचं शहर कसं उभं राहिलं, हे आधी समजून घ्या आणि खाण त्यानंतर बघा. उलट क्रमाने गेलात तर सुपर पिट, म्हणजे इथली प्रचंड उघडी खाण, हा घाटरस्त्याच्या कामासारखा एक मोठा खणलेला डोंगर वाटतो आणि वीस मिनिटांत मुलगा कंटाळतो.

सगळ्यात आधी तारखा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास इथे ‘डिगर्स अँड डीलर्स’ ही खाण उद्योगाची मोठी परिषद भरते. त्या दिवसांत गावात खोली मिळत नाही, आणि मिळाली तर भाव ऐकून परत फिरावंसं वाटतं. त्या वर्षीच्या परिषदेच्या तारखा बघून तो आठवडा पूर्ण टाळा. सप्टेंबरमधल्या घोड्यांच्या शर्यतींच्या वेळीही हीच गत असते. बाकी हवामानाच्या दृष्टीने तुमची निवड उत्तम आहे. दिवसा १८-१९ अंश, पहाटे पाचच्या आसपास. म्हणजे आईवडिलांना स्वेटर आणि कानटोपी हवीच. जानेवारीत इथला पारा चाळिशी ओलांडतो, वयस्कर माणसांना घेऊन त्या दिवसांत येऊ नये. महिनाअखेर आलात तर पर्थकडच्या निम्म्या रस्त्यावर रानफुलांचा हंगामही सुरू झालेला असेल.

आता रस्ता. पर्थहून ग्रेट ईस्टर्न हायवेने ५९५ किलोमीटर. निव्वळ चालवायला साडेसहा-सात तास, थांबे धरून नऊ. कॅलगूर्लीत ऑगस्टमध्ये साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळी सातला निघालंच पाहिजे. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हा नियम चारही दिवस पाळा. कांगारू आणि एमू तिन्हीसांजेला आणि पहाटे रस्त्यावर येतात. भाड्याच्या गाडीच्या करारात बऱ्याचदा शहराबाहेर रात्री झालेल्या प्राण्याच्या धडकेला विमा लागू नसतो, ते कलम सही करण्याआधी वाचा. प्राणी समोर आलाच तर स्टिअरिंग धरून सरळ ब्रेक दाबा, चुकवायला वळवू नका. डांबराच्या कडेला खडी असते. ११० च्या वेगात एका बाजूची चाकं तिच्यावर गेली की गाडी फिरते आणि उलटते. माणसं दगावतात ती बहुतेक अशी.

दुसरा धोका रोड ट्रेनचा. एका ट्रकमागे दोन-तीन ट्रेलर जोडलेले असतात. या हायवेवर त्यांची लांबी ३६.५ मीटर, कॅलगूर्लीच्या उत्तरेला ५३.५ मीटरपर्यंत. आपल्याकडच्या सवयीने ओव्हरटेक करायला जाऊ नका, आधी हिशेब बघा. ट्रक ताशी १०० ने आणि तुम्ही ११० ने चालला आहात. तुम्ही त्याच्यापेक्षा सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर पुढे सरकता. ट्रकची लांबी आणि पुढचं-मागचं अंतर मिळून शंभर मीटर कापायला छत्तीस सेकंद लागतात, आणि तेवढ्यात तुमची गाडी अकराशे मीटर पुढे गेलेली असते. समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल तर सव्वादोन किलोमीटर मोकळा रस्ता दिसायला हवा. ठरावीक अंतरावर ओव्हरटेकिंग लेन येते, पाटी आधीच सांगते. तोवर मागे राहा आणि शंभर मीटर तरी अंतर ठेवा, नाहीतर त्याच्या चाकांनी उडवलेला खडा काचेवर बसतो. ट्रक शेजारून जाताना वाऱ्याने गाडी आधी बाहेर ढकलली जाते आणि मग आत ओढली जाते, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत.

वाटेत थांबायचं ते पाण्याच्या निमित्ताने. पर्थहून चाळीसेक किलोमीटरवर मुंडेअरिंगचं धरण आहे, हायवेवरून थोडं आत. अर्धा तास द्या. कॅलगूर्लीच्या नळाला जे पाणी येतं ते इथून जातं, साडेपाचशे किलोमीटर लांब. सी. वाय. ओ'कॉनर या सरकारी मुख्य अभियंत्याची ही योजना १८९६ साली मंजूर झाली. तीस इंच व्यासाची पोलादी नळवाहिनी, वाटेत वाफेवर चालणारी आठ पंपिंग स्टेशनं, दिवसाला पन्नास लाख गॅलन पाणी, आणि तेही चढावर, कारण कॅलगूर्ली धरणापेक्षा तीनशेहून अधिक मीटर उंचावर आहे. पैसा वाया जाणार, पाणी पोचणारच नाही, म्हणून वर्तमानपत्रांनी आणि विधिमंडळातल्या विरोधकांनी ओ'कॉनरना धारेवर धरलं. मार्च १९०२ मध्ये त्यांनी फ्रीमँटलजवळच्या किनाऱ्यावर स्वतःचा जीव घेतला. पुढच्या जानेवारीत, २४ तारखेला, माउंट शार्लटच्या टाकीत पाणी पडलं. जगातल्या मोठ्या अभियांत्रिकी कामांत त्याची गणना होते, आणि सव्वाशे वर्षं झाली तरी ती व्यवस्था चालू आहे.

मुंडेअरिंगनंतर ही वाहिनी बराच वेळ रस्त्याच्या कडेने सोबत करते. मुलाला एक गोष्ट दाखवा. रस्त्याकडेला सुरक्षित जागी थांबून जवळ जा आणि जुन्या नळाचा सांधा बघा. नळाच्या लांबीवर समोरासमोर दोन जाड पट्ट्या दिसतील. रिव्हेट मारलेला नळ प्रत्येक भोकातून थोडं थोडं पाणी गाळतो. पाचशे किलोमीटरमध्ये ती गळती परवडणारी नव्हती. मग पत्र्याचे दोन अर्धगोल वाकवून त्यांच्या कडा एका खाचेच्या पट्टीत बसवल्या आणि दाबून बंद केल्या. नळाला रिव्हेट एकही नाही. ही युक्ती मेफन फर्ग्युसन या ऑस्ट्रेलियन कारखानदाराची. सुरुवातीला नळ जमिनीत पुरले होते. खारट मातीने ते बाहेरून गंजायला लागले, म्हणून नंतर वर काढून आधारांवर ठेवले. त्यामुळेच आज ते आपल्याला दिसतात.

जेवण मेरेडिनला करा, पर्थहून २६० किलोमीटर. शाकाहारी असाल तर पुढे रोडहाउसवर फ्रेंच फ्राइज आणि चीज सँडविच यापलीकडे फारसं मिळत नाही. ठेपले, दशम्या, लोणचं भावाच्या घरून आणलेलं बरं. सदर्न क्रॉसला, म्हणजे ३७० व्या किलोमीटरच्या आसपास, टाकी निम्मी असली तरी पुन्हा भरून घ्या. पुढे कूलगार्डीपर्यंत १८७ किलोमीटर गाव असं नाही. मोबाइलची रेंजही बराच पल्ला नसते. टेल्स्ट्रा कंपनीचं सिम असेल तर निदान गावांजवळ मिळते. गाडीत माणशी पाच लिटर पाणी आणि डिकीत दहा लिटरचा एक कॅन कायम असू द्या. बिघाड झाला तर गाडीजवळच थांबायचं, पायी निघायचं नाही. शोधणाऱ्यांना गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

दुसरा दिवस गावासाठी. सकाळी पहिल्यांदा हॅनन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला माउंट शार्लटच्या टाकीवर जा. नाव माउंट, प्रत्यक्षात लहानशी टेकडी. वाहिनी इथे संपते. वरून सपाट लाल माळ, मध्येच खाणींचे ढिगारे, आणि त्यात रांगेत आखलेलं गाव दिसतं. टाकी व्हायच्या आधी खारं पाणी उकळून त्याची वाफ थंड करून गोडं पाणी विकत. त्यासाठी लाकूड, खाणीच्या आधारांना लाकूड, वाफेच्या इंजिनांना लाकूड. आजूबाजूची सालमन गमची (निलगिरीच्या एका जातीची) जंगलं त्यात गेली. लाकूड आणायला खास रेल्वे टाकाव्या लागल्या. गावाच्या उत्तरेला कार्लकुर्ला नावाचं दोनशे हेक्टरचं राखीव रान आहे, तोड झालेल्या जमिनीवर पुन्हा वाढवलेलं. इथल्या आदिवासींच्या भाषेत ‘कार्लकुर्ला’ हे एका वेलीच्या खाण्याजोग्या फळाचं नाव, आणि कॅलगूर्ली हे नाव त्यावरूनच पडलं. वेळ उरला तर आईवडिलांना तिथे संध्याकाळी फिरवा, वाटा सोप्या आहेत.

टाकीवरून खाली हॅनन स्ट्रीट पायी बघा. रस्ता अवाढव्य रुंद आहे, कारण उंटांच्या लांब काफिल्याला एका दमात वळता यावं. या उंटवाल्यांना इथे सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी बरेच होते, आणि उंट यायचे ते कराचीहून जहाजाने. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. म्हणजे या वाळवंटातली मालवाहतूक ज्यांच्यावर चालत होती, त्यांतले कितीतरी लोक कारभाराच्या हिशेबाने आपल्याच इलाख्यातून आलेले. रस्त्यावर पॅलेस हॉटेल आहे, १८९७ चं. आत जिन्याजवळच्या दालनात एक कोरीव लाकडी चौकटीचा मोठा आरसा आहे. तरुण खाण अभियंता हर्बर्ट हूव्हर याची ती भेट म्हणून तो दाखवतात. हाच हूव्हर पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. आरसा बघायला खोली घ्यावी लागत नाही, विनंती करून आत जाता येतं. पोस्टाची घड्याळाची इमारत, एक्स्चेंज हॉटेल, टाउन हॉल हे सगळं दीड तासात होतं. टाउन हॉलसमोर पखालीसारखी पाण्याची पिशवी हातात घेऊन बसलेला पॅडी हॅननचा पुतळा आहे. ती प्रतिकृती. १९२९ चा मूळ पुतळा आत जपून ठेवलाय.

म्युझियम ऑफ द गोल्डफील्ड्स चुकवू नका. लाल रंगाचा आयव्हॅनहो खाणीचा लोखंडी हेडफ्रेम, म्हणजे खाणीत माणसं-माल वरखाली नेणाऱ्या दोरांचा उंच सांगाडा, दारावरच उभा आहे, वर जाऊन गाव बघता येतं. तळघरातल्या तिजोरीच्या दालनात सोन्याचे खडे आणि विटा आहेत. साधारण १० ते ३ उघडं असतं, तेव्हा दुपारच्या जेवणाआधीच उरका. तिथे एका दगडाकडे विशेष लक्ष द्या: टेल्युराइड.

हा दगड म्हणजे कॅलगूर्लीची खरी गोम. वरच्या मातीतलं सोनं सुटं होतं. पाणी नसल्यामुळे ते वाळवून, उपणून काढत. आपण खळ्यावर धान्य वाऱ्यावर देतो तसंच, फक्त भात्याने हवा मारून. खोल गेल्यावर मात्र सोनं टेल्युरियम या मूलद्रव्याशी जोडलेलं सापडायला लागलं. कॅलव्हेराइट नावाच्या खनिजात चाळीस टक्क्यांहून जास्त सोनं असतं, पण ते दिसतं फिकट पितळी नाहीतर चांदीसारखं. खडक कुटून पाऱ्यावरून नेला तरी पारा ते पकडत नाही. खाणकामगारांनी ते टाकाऊ म्हणून फेकलं आणि रस्त्याच्या खड्ड्यांत भरलं. १८९६ मध्ये ते काय आहे हे कळलं आणि लोकांनी रस्ते उकरले, असं गावात सांगतात. भाजलं की टेल्युरियम वाफ होऊन जातं आणि दगडावर सोन्याचे बारीक थेंब फुटून येतात. मुलाला घामाच्या थेंबांची उपमा द्या, चटकन समजेल.

मुलासाठी हॅनन्स नॉर्थ टूरिस्ट माइन ही जागा. निवृत्त झालेला एक अवजड डंपर तिथे उभा आहे आणि त्यावर चढता येतं. हे सुपर पिटच्या आधीच बघा, त्याचं कारण पुढे येतंच. आठवड्यातल्या एखाद्या दिवशी ते बंद असतं, म्हणून दिवस ठरवण्याआधी वेळापत्रक बघा. आईवडिलांना त्या वेळात बाकावर सावलीत बसता येईल.

दुपारी बोल्डर. कॅलगूर्लीचं हे जोडगाव पाच-सहा किलोमीटरवर आहे. बर्ट स्ट्रीटवरच्या जुन्या इमारतींना २० एप्रिल २०१० च्या भूकंपाने बराच मार बसला होता, डागडुजी करून त्या पुन्हा उभ्या केल्यात. बोल्डर टाउन हॉलच्या रंगमंचावर फिलिप गॅचर यांनी १९०८ साली रंगवलेला नेपल्सच्या उपसागराचा पडदा आहे. जुन्या संगीत नाटकांचे पडदे ज्यांनी पाहिलेत त्यांना तो बघताना फार जवळचा वाटेल. पडदा सदासर्वकाळ खाली सोडलेला नसतो, दाखवण्याची वेळ पर्यटक केंद्रात विचारा.

आणि मग, साडेतीन-चारला, सुपर पिट. आउट्रम स्ट्रीटच्या टोकाशी गोल्डफील्ड्स हायवे ओलांडून वर जायचं. प्रवेश फुकट, साधारण सकाळी ७ ते संध्याकाळी ७. दुपारचीच वेळ का? कठडा खाणीच्या पश्चिम अंगाला आहे. सकाळी सूर्य समोरून डोळ्यांत येतो आणि पलीकडची भिंत काळी दिसते. दुपारी ऊन पाठीमागून त्या भिंतीवर पडतं आणि खडकाचे पट्टे उघडतात: वर गंजलेला तांबडा-पिवळा, खाली करडा-हिरवट. ऑगस्टमध्ये सहापर्यंत अंधार होतो, पण फाटक उघडं असतं. डंपरचे दिवे वळणावळणाने वर चढताना दिसतात, ते बघूनच निघा. मुक्काम गावातच असल्यामुळे परतीची चिंता नाही.

खाणीची लांबी साडेतीन किलोमीटरहून अधिक, रुंदी दीड, खोली सहाशे मीटरहून जास्त. आतकरवाडीतून सिंहगड चढायला जेवढी उंची लागते, जवळपास तेवढी खोली. पण कठड्यावर उभं राहून हे जाणवत नाही, कारण डोळ्याला माप नसतं. डंपर खेळण्याएवढे दिसतात. सकाळी ज्याच्या चाकाशी मुलगा उभा राहिला होता, साडेतीन मीटर उंच चाक, त्याच जातीचा हा डंपर हे सांगा. मग त्याला माप मिळतं. एका खेपेत तो सव्वादोनशे टन दगड आणतो. टनात दोन ग्रॅम सोनं धरलं तर त्या अख्ख्या डंपरमधलं सोनं ४५० ग्रॅम, आकाराने एका आगपेटीएवढं. आणि खाणीतून वर येणाऱ्या कितीतरी खेपा नुसत्या टाकाऊ खडकाच्या असतात.

दुर्बीण असेल तर आणा. बाकांच्या, म्हणजे खाणीच्या कडेला खणलेल्या पायऱ्यांच्या, भिंतींत चौकोनी काळी भोकं दिसतील, कुठे कुठे जुनं लाकूड बाहेर आलेलं. ती शंभर वर्षांपूर्वीची भुयारं. इथे आधी एक खाण नव्हती, ‘गोल्डन माइल’वर शेजारी शेजारी अनेक कंपन्यांच्या खोल खाणी होत्या. ऐंशीच्या दशकात ॲलन बाँड या उद्योगपतीने त्यांचे खाणपट्टे एकत्र करायला घेतले, १९८९ साली एक कंपनी होऊन एकच उघडी खाण सुरू झाली, आणि आज ती नॉर्दर्न स्टार कंपनीकडे आहे. ही पोकळ भुयारं म्हणजे रोजची डोकेदुखी. वरून अवजड यंत्र चाललं आणि खाली पोकळी असली तर जमीन खचते, म्हणून प्रत्येक बाक खणण्याआधी भोकं पाडून खालची पोकळी तपासतात. १४ मे २०१८ ला पूर्वेकडची भिंत ढासळली होती. कोणी जखमी झालं नाही.

खडक फोडायला खाणीत करतात तो स्फोट बघायचा असेल तर त्या दिवसाची वेळ खाणीच्या संकेतस्थळावर आणि पर्यटक केंद्रात मिळते. वाऱ्यामुळे किंवा विजांमुळे ती ऐनवेळी बदलते. कठड्याजवळच स्फोट असेल तर कठडाच बंद ठेवतात. केवळ स्फोटासाठी दिवस अडवू नका. लांबून तो धुळीचा एक पडदा असतो, आवाज नंतर येतो.

तिसरा दिवस उत्तरेला, आणि इथे निवड करावी लागेल. एकीकडे ग्वालियाचं ओसाड गाव, दुसरीकडे बॅलार्ड सरोवरातली शिल्पं. दोन्ही एका दिवसात म्हणजे ५७५ किलोमीटर, त्यातले शंभर कच्चे, आणि शेवटचा टप्पा हमखास अंधारात. आईवडील सोबत असताना हे करू नका. माझं मत ग्वालियाला.

कॅलगूर्लीहून २३५ किलोमीटर, संपूर्ण डांबरी, लिओनोराच्या अलीकडे. नाव ऐकून ग्वाल्हेर आठवतं, पण ग्वालिया हे वेल्सचं जुनं काव्यमय नाव आहे. ज्या व्यापाऱ्याने खाणीला सुरुवातीला पैसा पुरवला तो वेल्सचा. हूव्हर इथे १८९८ मध्ये व्यवस्थापक झाला, तेविसाव्या वर्षी. ही खाण १९६३ च्या डिसेंबरच्या अखेरीस बंद झाली, आणि तीन आठवड्यांत बाराशे वस्तीचं गाव चाळिसावर आलं. लोक जे उचलता येईल तेवढं घेऊन गेले. कामगारांची घरं आजही उभी आहेत: लाकडी सांगाडा, पन्हळी पत्रा, आतून गोणपाटाच्या भिंती, त्यावर चुना किंवा वर्तमानपत्रं चिकटवलेली. आत जाता येतं. एखाद्या घरात चुलीवर किटली तशीच आहे, खाटेची लोखंडी चौकट, भिंतीला खिळ्यावर टांगलेलं भांडं. पत्र्याच्या छपरावर वारा आला की घर करकरतं. इथे बहुतेक इटालियन आणि युगोस्लाव्ह कुटुंबं राहत. त्यांच्या अंगणांतल्या दगडी कडा, भाजीच्या वाफ्यांच्या खुणा अजून ओळखू येतात. माणसं कशी राहिली हे इतक्या जवळून दाखवणारी जागा या भागात दुसरी नाही, म्हणूनच शिल्पांपेक्षा हिला वरचं स्थान.

वर टेकाडावर संग्रहालय आहे, खाणीतला दोर ओढणारं वाफेचं प्रचंड वाइंडिंग इंजिन आणि तिरप्या विहिरीचा लाकडी हेडफ्रेम. खाण अखेर संपली नाहीच. ती पुन्हा चालू झाली आणि आज दीड किलोमीटरहून खोल आहे. बाजूलाच हूव्हर हाउस, व्यवस्थापकाचा बंगला. चहा, केक मिळतो, आणि राहायच्या मोजक्या खोल्या आहेत. आधी खोली मिळाली तर तिसरी रात्र तिथे काढण्याचा मोह होईल, पण चौथ्या दिवशी थेट पर्थ गाठणं मग जड जातं. चार दिवसांचे पाच झाले तरच हा बेत करा, आणि मग बॅलार्डही जमेल.

बॅलार्डबद्दल तेवढ्यासाठी: मेन्झीज गावापासून पश्चिमेला ५१ किलोमीटर, कच्चा रस्ता. मिठाच्या कोरड्या सरोवरात अँटनी गॉर्मली यांनी २००३ साली ५१ काळे पोलादी पुतळे उभे केले, मेन्झीजच्या रहिवाशांची शरीरं मोजून. पुतळे एकमेकांपासून लांब लांब आहेत, सगळे बघायला अनेक किलोमीटर चालावं लागतं. काठाजवळचे आठ-दहा पुरेत. पाऊस पडून गेला असेल तर मिठाचा पापुद्रा फुटून पाय घोट्यापर्यंत तांबड्या चिखलात जातो, आणि तो चिखल बुटांवरून निघत नाही. जुने बूट घाला, गाडी सरोवरात घालू नका. कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्याची परवानगी करारात आहे का, तेही बघा.

उत्तरेला जाता-येता एक गोष्ट मुलाला सक्त सांगून ठेवा. रस्ता सोडून रानात शिरायचं नाही, आणि फोटो काढताना मागे मागे सरकायचं नाही. या भागात जुन्या, उघड्या विहिरीसारख्या खाणी जागोजाग आहेत. त्यांच्या तोंडाचं लाकूड कुजलेलं असतं आणि कडेची माती आतून पोखरलेली. काठ भक्कम दिसतो, पण पायाखाली काही नसतं. दोनच पावलं पुढे जाऊन डोकावायचं, तेही नको.

मुलाला सोनं शोधायचंच असेल तर मेटल डिटेक्टर भाड्याने मिळतो, पण त्याआधी ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना लागतो. कॅलगूर्लीतल्या खाण निबंधकाच्या कार्यालयात मिळतो. सोबत ओळखपत्र न्या. पण परवाना मिळाला म्हणजे कुठेही खणता येतं असं नाही. गावाभोवतीची बहुतेक जमीन कोणाच्या ना कोणाच्या खाणपट्ट्यात आहे, तिथे मालकाची परवानगी लागते. उल्का सापडली तर ती राज्याच्या मालकीची. आणि डिटेक्टर वाजला की सोनं असेलच असं नाही: लोहयुक्त दगड, जुने खिळे, डब्यांचे तुकडे यांनीच तो दिवसभर वाजत राहतो. एका दिवसात दहा वर्षांच्या मुलाला त्यातून काही हाती लागण्याची शक्यता नगण्य. हॅनन्स नॉर्थला पॅनमध्ये वाळू घोळवण्याची सोय चालू असेल तर तीच बरी. सोनं वाळूच्या सातपट जड असतं, पॅन आधी जोरात हलवून ते तळाला बसू द्यायचं, मगच तिरपं करून वरची वाळू सोडायची. घाईने पहिल्याच घोळीत ओतलं की सोनं वाळूबरोबर जातं. सगळी मुलं इथेच चुकतात.

चौथ्या दिवशी सकाळी सातला सामान भरून निघा आणि ३९ किलोमीटरवर कूलगार्डीला दीड तास थांबा. आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांनी सप्टेंबर १८९२ मध्ये इथे सोनं शोधलं. बेलीने नोंदणीला नेलं ते ५५४ औंस, म्हणजे सतरा किलोहून जास्त, आणि त्या बातमीने सारा मुलूख इकडे लोटला. १८९८ च्या सुमारास पर्थ आणि फ्रीमँटलनंतर राज्यातलं हे तिसरं मोठं गाव होतं. आज वस्ती हजाराच्या आत. त्या काळची भव्य दगडी वॉर्डन्स कोर्टची (खाणींच्या तंट्यांच्या न्यायालयाची) इमारत आता रिकाम्या रुंद रस्त्यावर उभी आहे, आत संग्रहालय आहे. तिथे ‘कूलगार्डी सेफ’ बघा. जाळीची पेटी, वर पाण्याचं तसराळं, चारी बाजूंनी ओलं गोणपाट, वाऱ्याने पाणी उडतं आणि आतलं लोणी-मांस थंड राहतं. आपला माठ आणि वाळ्याचा पडदा ज्या तत्त्वावर चालतो तेच. आईला लगेच पटेल.

जुन्या रेल्वे स्टेशनच्या संग्रहालयात मोडेस्टो व्हारिस्केटीची हकीकत आहे. मार्च १९०७ मध्ये जवळच्या बॉनीव्हेलच्या खाणीत अचानक पाणी भरलं आणि हा इटालियन कामगार हवेच्या एका कप्प्यात अडकला. पर्थहून पाणबुडे आणि त्यांचं सामान खास गाडीने आणलं. फ्रँक ह्यूज हा पाणबुडा अंधाऱ्या गढूळ पाण्यातून त्याच्यापर्यंत अन्न आणि मेणबत्त्या पोचवत राहिला. नवव्या दिवशी त्याला जिवंत बाहेर काढलं.

गावाबाहेरचं जुनं कब्रस्तान सकाळीच बघा, उघडंच असतं. दगडांवरची वयं वाचा: विशी, तिशी. बहुतेक विषमज्वराने गेलेले, कारण पिण्याजोगं पाणी नव्हतं आणि संडास-विहिरी शेजारी शेजारी. अफगाण उंटवाल्यांच्या कबरी वेगळ्या भागात आहेत. नऊ-सव्वानऊला तिथून निघालात तर सदर्न क्रॉसला पेट्रोल, मेरेडिनला जेवण, आणि पर्थच्या डोंगरउतारावर उजेड असतानाच पोचाल. हा शेवटचा वळणांचा उतार थकलेल्या डोळ्यांनी अंधारात उतरायचा नाही.

भावाकडे गाडी चालवणारं दुसरं कोणी नसेल तर एक पर्याय आहे. ‘प्रॉस्पेक्टर’ रेल्वे ईस्ट पर्थहून पावणेसात-सात तासांत कॅलगूर्लीला नेते, आणि गाडी गावातच भाड्याने घेता येते. कॅलगूर्लीतल्या भाड्याच्या गाड्या मात्र खाणीची माणसं आधीच अडवून ठेवतात, म्हणून तिकीट काढण्याआधी गाडी पक्की करा. मुंडेअरिंग आणि नळाचे सांधे त्यात हुकतात, पण आईवडिलांची पाठ वाचते.